ओट्याची उंची

प्रिय भिंगरी,

आपल्या स्वयंपाकघरातला ओटा खरा केवढ्याला पडला, सांगू? सहा दिवसांची मेहनत, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख आणि तुझ्या आईचा उजवा खांदा. यातली तिसरी बाब मला परवा कळली, मासिकात तुझी कथा वाचताना.

कथा दुकानात बसून वाचली. कारागिरांना आधीच सांगून ठेवलं होतं, लेकीनं घरावर लिहिलंय, म्हणजे माझ्यावरच असणार. बघतो तर बापाच्या वाट्याला जेमतेम चार ओळी! बाकी सगळा ओटा, खिडकी, जेवायचं टेबल आणि कायम नवीकोरी राहिलेली त्याची चौथी खुर्ची. मनात म्हटलं, पोरगी कथा लिहितेय की घरसामानाची यादी करतेय? माणसं कुठायत? दुसऱ्यांदा वाचली तेव्हा घाम फुटला. माणसं त्या सामानातच होती.

तुला माहीत आहे, सुतारकामाची एक पटाशी घेऊन मी या शहरात आलो. आज अकरा माणसं हाताखाली आहेत. चाळीस वर्षांत मापात चुकलं म्हणून माझं एक कपाट परत आलेलं नाही. गिऱ्हाईक दारातून आत शिरलं की त्याला किती उंचीची खुर्ची लागेल ते मी सांगतो. टेप काढतो तो त्याच्या समाधानापुरता. आपला ओटाही असाच केला. स्वतःच्या कमरेशी हात धरला आणि आखलं. पहिल्याच दिवशी तुझी आई म्हणाली, अहो, उंच झालाय. मी म्हणालो, ओटा बरोबर आहे, तूच बुटकी निघालीस. सगळे हसले. तुझ्या कथेत ते हसणं आहे. मी विसरून गेलो होतो. मग दुकानातली एक जाड फळी आणून तिच्या पायाखाली सरकवली आणि हात झटकले.

कान माझे तिखट. रंध्याच्या आवाजावरून लाकूड ओलं की सुकं ते सांगीन. ती फळीवरून उतरायची, मला वाढायची, परत चढायची. ठक, ठक. सव्वीस वर्षं जेवताना तो आवाज ऐकला आणि मला वाटायचं, घर कसं सुरळीत चाललंय! तू मात्र लिहिलंस, ‘ती उतरून कधी बसलीच नाही.’ भांडण नाही, रडारड नाही, एवढं एक वाक्य. नेमक्या जागी ठोकलंस, लेकी. बापाचीच पोर शोभतेस.

तुझी आई आठ दिवसांसाठी म्हणून तुझ्याकडे आली, त्याला आता दोन महिने होतील. कथा वाचल्यावर फोन केला, विचारलं, कधी येतेस? म्हणाली, इथला ओटा हाताशी येतो हो, खांदा दुखत नाही. बस, एवढंच. रागावली असती तर काहीतरी बोलून हसवली असती, आणली असती. आवाजात राग नव्हता गं.

काल ओटा फोडला. नवा घालतोय. ती येईल, न येईल; तू आग्रह करू नकोस, तिला सांगूही नकोस. फक्त फरशीपासून तिच्या कोपरापर्यंत किती भरतं ते टेप लावून मोज आणि कळव. सकाळपासून पेन्सिल घेऊन भिंतीपाशी उभा आहे. तिला डोळ्यांपुढे आणतो, तर ती फळीवरच दिसते. जमिनीवर उभी असताना तुझी आई केवढी आहे, ते मला माहीत नाही.

तुझाच,
बाबा