न्हाणीघरातला जाम नळ

हारो, इलोइलो
११ फेब्रुवारी १९९८

प्रिय पेमिंग,

बाकोलोदला सगळे बरे असतील असं धरून लिहिते. तुझा खोकला गेला का? बोटीने पाठवलेला गोड पियाया-रोट्यांचा डबा पोचला. अनसेल्मोने अर्धा पियाया खाल्ला, तोही बहिणीने पाठवला म्हणून.

तुला आठवतं का, कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात शनिवारी आपली अंघोळ? अंगावर लांब शमीज तसाच ठेवून, दोघींत एक नळ. दाराबाहेर मादरे कोन्सोलासिओन मोठ्याने तीन नमो मारिया म्हणायच्या, तेवढाच वेळ. तू एकदा माझ्या केसांना साबण लावत होतीस आणि मादरे तिसऱ्या नमो मारियाला शिंकल्या. मग पहिल्यापासून म्हणायला लागल्या आणि आपल्याला एक जास्तीची अंघोळ मिळाली. हसू दाबून आपली पोटं दुखली होती. तेव्हा तू नुसती मैत्रीण होतीस. तिथे पाइप जोडायला येणाऱ्या तुझ्या भावामुळे एक दिवस तू माझी नणंद होणार, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

पत्राचं कारण असं, की अनसेल्मोने आपली हत्यारं वाटून टाकायला सांगितली आहेत. यादी मी लिहून घेतली आहे, शेवटी देते.

आधी नळाचं सांगते.

आमच्या न्हाणीघरातला नळ नोव्हेंबरात जाम झाला. इथल्या पाण्यात चुना फार, तुला माहीत आहे. अनसेल्मो म्हणाला, आतलं सूत कोरडं पडलंय, दहा मिनिटांचं काम. एकतीस वर्षं त्याने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी करून नळ बसवले. हारोतल्या अर्ध्या घरांत पाणी त्याच्या हाताने गेलंय. पण पेमिंग, त्याचे हात आता थरथरतात. त्या दिवशी मोठा पान्हा त्याच्या हातून सुटला आणि पायाच्या बोटावर पडला. नख काळं झालं. तो हसून म्हणाला, पान्हाही म्हातारा झालाय. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मिसाला गेला आणि मी पान्हा लपवला. आपल्या बाळयेशूच्या, सान्तो निन्योच्या मूर्तीच्या झग्यांच्या पेटीत, अगदी तळाशी. वर्षातून एकदा, जानेवारीत मीच ती उघडते. दुसरं कुणी हात लावत नाही. मनात होतं, आठवडाभर राहू दे, तोवर कुणाला तरी बोलावून नळ करून घेऊ.

त्याने घरभर शोधला. पलंगाखाली, कोंबड्यांच्या खुराड्यात, तांदळाच्या डब्यातसुद्धा. मला विचारलं. मी म्हटलं, तूच कुठेतरी ठेवला असशील.

एवढंच म्हटलं. पण त्यानंतर तो प्रत्येक गोष्ट दोनदा बघायला लागला. दाराची कडी, चूल, चष्मा. मी बघत होते. जानेवारीत पेटी उघडली, झगे काढले, पान्हा तसाच तळाशी राहू दिला. इतके दिवस गेल्यावर बाहेर काढायचा तर काय सांगून काढायचा?

या दुष्काळात आमच्या गल्लीला एक दिवसाआड, पहाटे दोन तास पाणी. म्हणून सगळेच नळ उघडे ठेवून झोपतात, खाली पिंप. पाणी पिंपात पडल्याचा आवाज आला की उठायचं. आमचा नळ मी फडकं गुंडाळून, सगळं बळ लावून कसाबसा उघडला होता. मग तो बंद होईना. तसाच राहिला, दिवसरात्र उघडा; बंद होत नाही हे मी त्याला सांगितलं नाही. मला वाटलं, पाणी काय, पहाटेच येणार.

दोन तारखेला, कान्देलारिया मातेच्या सणाला, पाणी दुपारी आलं. गावात पाहुणे म्हणून सोडलं असेल. ओसरीवर वीस माणसं जेवत होती. आवाज पहिला त्यालाच ऐकू आला. मी हातात व्हालेन्सियाना भाताचं ताट घेऊन उभी होते, तो माझ्या शेजारून धावत गेला. पिंप भरून वाहत होतं, न्हाणीघरात घोटाभर पाणी. आणि मग तो पडल्याचा आवाज.

उचलून बाकावर ठेवला तेव्हा तो वेदनेने पांढरा पडला होता, आणि सगळ्यांना सांगत होता की चूक माझीच, नळ बंद करायला विसरलो. शेजारचा बेर्तिंग म्हणाला, आता मानोंग अनसेल्मोच्या डोक्यातला वायसर बदलायला हवा. सगळे हसले. तोही हसला. ताट माझ्या हातातच होतं आणि मी एक शब्द बोलले नाही.

तुला फोनवर मी एवढंच सांगितलं की तो ओल्या फरशीवर घसरला. पुढचंही सांगितलं नाही. कमरेचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, आत सळई घालावी लागेल, आणि लवकर; असंच झोपवून ठेवलं तर छाती भरेल. इस्पितळात हाडाचा फोटो काढून झाल्यावर तो हट्टाने घरी आला. संमतीच्या कागदावर सही करत नाही. मी हात जोडले, पाद्रे येऊन गेले. तो शांतपणे म्हणतो, "डोकं जात चाललेल्या माणसाला पाय कशाला हवेत? उद्या चूल पेटती विसरून घर जाळीन." कालपासून त्याचा श्वास घरघरतो. रोज दोन चमचे लुगावची पेज, बस.

परवा मी नळ दुरुस्त केला. नारळाचा व्हिनेगर गरम करून फडकं गुंडाळलं, तासभर ठेवलं, मग पेटीतून पान्हा आणला. पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, त्याला करताना पाहिलं होतं तसं. नट सैल झाला, जुनं सूत काढून नवं भरलं, थोडी चरबी लावली. आता एका बोटाने फिरतो. खरंच दहा मिनिटांचं काम होतं, पेमिंग.

खोलीतून त्याने विचारलं, "पान्हा सापडला? कुठे होता?"

मी म्हटलं, "पायऱ्यांखाली. तूच ठेवला होतास."

तो म्हणाला, वही घे, कुणाला काय द्यायचं ते लिही. मी लिहून घेतलं. आटे पाडायचा संच तुझ्या नोनितोला, करवत बेर्तिंगला, मोठा पान्हा कचेरीतल्या नव्या माणसांना. तो सांगत होता आणि मी सुवाच्य अक्षरात लिहीत होते, मादरेंनी शिकवलं तसं.

पत्र इथे थांबवते. त्याला सांगून येते. आज नाही सांगितलं तर मी त्याला माझ्या हाताने पुरेन.

*

चार वाजलेत. सांगितलं.

खुर्चीवर बसून, त्याच्याकडे न बघता, सगळं. पेटी, पायऱ्या, ताट. तो छताकडे बघत होता. मला वाटलं झोपला.

मग म्हणाला, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

मी म्हटलं, नाही.

"एकदाही नाही?"

"चष्मा एकदा."

तो रडला. तेहेतीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी हात पुढे केला, त्याने तो बाजूला सारला. जोराने नाही, पण सारला. मग संमतीचा कागद मागितला. पूर्ण नाव लिहिलं, आईचं आडनावसुद्धा. शुक्रवारी सकाळी नेणार. डॉक्टर फोनवर म्हणाले, छाती आधीच भरायला लागलीय, काही सांगता येत नाही. मला त्याच्याशेजारी बसायचंय, पण इस्पितळात इंदायला बसू दे असं त्याने सांगितलंय. म्हणजे तुला. हे पत्र आज संध्याकाळच्या बोटीनेच पाठवते; उद्या, गुरुवारच्या बोटीने ये. आलीस की मला जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

आधीची यादी त्याने रद्द करायला लावली. नवी सांगितली, ती त्याच्याच शब्दांत देते.

सही केलेला कागद इंदायकडे.

घराची किल्ली इंदायकडे, मी परत येईपर्यंत.

हत्यारांची पेटी माझ्या पलंगाखाली. कुणाला काही द्यायचं नाही. मी नाही आलो, तर सगळं नोनितोला.

साल्व्हिंगला काय, म्हणजे मला काय, हे मी विचारलं नव्हतं. मी वही मिटत होते तेव्हा त्यानेच सांगितलं, लिही: तिला काही नको. तिने दोन दिवस काही खाल्लेलं नाही, तिने आधी जेवून घ्यावं.

तुझी वहिनी असं लिहायला आज हात धजत नाही,
साल्व्हिंग