पिपाणी आणि शिट्टी

६ जानेवारी
शिट्टी गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलावरून नुसता हात पुढे केला आणि मी गळ्यातून काढून दिली. अठरा वर्षं गळ्यात होती ती!

डिसेंबरात शर्यत सोडायला शिट्टी फुंकली आणि धाप लागून तिथेच रेषेवर बसले. पोरी धावायच्या सोडून माझ्याभोवती गोळा. एक तर रडायला लागली. दमा काय मला आज झालाय? लहानपणापासून आहे. पण बाईंना आता भीती वाटते. ४ मार्चला फैसला. तोवर मैदान बंद, साहित्याच्या खोलीत बसायचं. जमलं नाही तर कायमचं तिथेच. पी.टी.च्या बाई, आणि काम काय, तर चेंडू मोजा.

दवाखान्यातल्या व्यायामवालीकडे गेले. तिला मी मोजपट्टी म्हणते, सारखी काहीतरी मोजत असते. तिनं एक नळी दिली. तोंडात धरायची, नाकाला चिमटा लावायचा आणि हवा जोरात आत ओढायची. आत स्प्रिंग आहे, ती अडवते. म्हणजे छातीच्या स्नायूंना दंडबैठका. बाजूला खटका, एक ते दहा आकडे. सकाळी तीस श्वास, संध्याकाळी तीस. दम्याच्या औषधाचा पंप चालूच ठेवायचा, ही त्याच्या जोडीला. आज मशीनवर माझा आकडा अठ्ठेचाळीस आला. मैदानावर जायला सत्तर हवा, तसं पत्र ती देईल.

नळी दिसते थेट पिपाणीसारखी. चिमटा लावून आरशात बघितलं. ध्यान!

७ जानेवारी
दोन आकड्यावर तीस झाले. चोविसाव्याला चक्कर, कारण घाई केली. पोरींना रोज ओरडते, सुरुवातीलाच जीव तोडून पळू नका म्हणून. स्वतःला कोण ओरडणार?

११ जानेवारी
तीनवर गेले. तीस श्वास आरामात! असंच चाललं तर मार्चपर्यंत आठ. मुख्याध्यापिकाबाई, शिट्टी पुसून ठेवा.

१३ जानेवारी
सकाळी सकाळी डोकं फिरलं. स्वयंपाकघरात आले तर सासरे नळाखाली माझी पिपाणी धरून उभे. आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले, आता घरातलं काहीही दिसलं की उघडतात. टीव्हीचा रिमोट उघडला, तेव्हापासून आवाज फक्त वाढतो, कमी होत नाही. मी जी ओरडले — बाबा, माझ्या वस्तूला हात लावायचा नाही! दचकले ते. पिपाणी हातातून सुटून फरशीवर.

फुटली नव्हती. ते म्हणाले, कागदावर लिहिलंय, आठवड्यातून एकदा धुवा, म्हणून धूत होतो. लिहिलं होतं खरं. पण मला विचारायचं! कोरडी करून ठेवतो म्हणाले. मी तणतणत शाळेत गेले.

१४ जानेवारी
काय झालंय कळत नाही. तीनवर अकरा श्वास, मग दम संपला. दोनवर आणली, तेही जाईना. परवा सहज जात होतं!

१५ जानेवारी
मोजपट्टीला फोन केला. म्हणाली सर्दी आली असेल, एकवर या, घाई करू नका. एकवर! पहिलीच्या वर्गात परत बसवल्यासारखं. आणि एकवरसुद्धा जीव मेटाकुटीला येतो.

१८ जानेवारी
साहित्याच्या खोलीत एकशे बारा चेंडू आहेत. त्यातले एकोणतीस पंक्चर. खिडकीतून मैदान दिसतं. माझ्या जागी आलेले गुरुजी शिट्टी वाजवतात तर फुर्र होते. पोरींना ऐकू तरी जाते का!

संध्याकाळी पिपाणी घेऊन बसले आणि सासरे दारात येऊन उभे राहिले. नुसतेच. काय हवंय विचारलं तर म्हणाले, चहा घेतेस का? तोंडात नळी, नाकाला चिमटा, आणि चहा! काय बोलले ते इथे लिहीत नाही.

२७ जानेवारी
एकवर तीस झाले. तीन आठवड्यांनी. यात कौतुक काय?

२ फेब्रुवारी
उद्या मोजपट्टीकडे मधली तपासणी होती. फोन करून सांगितलं, शाळेत काम आहे, येता येणार नाही. कितीवर आलात विचारलं. मी म्हटलं पाच. सरळ खोटं! दोनवर रडतखडत चाललंय. खोटी वेळ सांगणाऱ्या पोरीला मी मैदानाला चार फेऱ्या मारायला लावते.

नवरा म्हणतो, कशाला एवढा त्रास करून घेतेस, बसून काम आहे, पंखा आहे डोक्यावर. त्याचं चुकत नाही, पण त्याला कळतही नाही. मला पंख्याखाली बसायचं नाही! पोरी वळणावरून येताना रेषेवर उभं राहायचंय मला. दुसरं काही येतही नाही मला.

सासरे पुन्हा दारात आले. मी मान वर केली तर, काही नाही, काही नाही, म्हणत गेले. आजकाल घरात सगळे असेच. मी खोलीत आले की टीव्ही बंद. हल्ली आवाज कमी होत नाही म्हणून असेल.

१० फेब्रुवारी
तीन. पुन्हा तीन. महिन्याभरापूर्वी होते तिथेच.

शाळेत आज जाळी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. वर पोचल्यावर लक्षात आलं, मधे कुठे थांबलेच नव्हते. दिवाळखोर माणसाला रस्त्यात चार आणे सापडावेत तसं. त्यात काय मोठं, हवा बरी होती आज. जिने चढून पत्र मिळत नाही, आकडा लागतो.

१९ फेब्रुवारी
चार. पंधरा श्वास. पिपाणी खिडकीतून फेकून देणार होते, खाली कोणीतरी उभं होतं.

२६ फेब्रुवारी
चारवर तीस झाले कसेबसे. तोंडाला फेस आला. कागदावर लिहिलंय, आठव्या आठवड्यात बहुतेक लोक सात-आठवर असतात. बहुतेक लोक! मी कोण मग?

२ मार्च
पत्र लिहिलं. 'साहित्य विभागाचं काम कायमस्वरूपी स्वीकारत आहे.' तीन वेळा लिहून काढलं. उद्या तपासणी, परवा हे बाईंच्या टेबलावर.

पत्राची घडी घालत होते तर सासरे आत आले. या वेळी दारात नाही, आत. खुर्चीवर बसले, हात गुडघ्यांवर. म्हणाले, "उद्या दवाखान्यात मी येतो तुझ्याबरोबर."

मी म्हटलं, "तुम्ही येऊन काय करणार, बाबा?"

मग म्हणाले, "ती नळी मात्र घेऊन जा. त्यांना दाखव." आणि उठून गेले. माझा आवाज चढला होता का? चढला असणार.

३ मार्च
आधी हे लिहून काढते.

मशीनवर श्वास ओढला. मोजपट्टीनं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, पुन्हा. पुन्हा ओढला. तिनं वायर काढली, लावली, पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा मीच चिडले. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. त्र्याण्णव! सत्तर हवे होते. त्र्याण्णव!

तिला वाटलं मी आठ-नऊवर असेन. मी रडतच खरं सांगितलं — चार. तीही मोठ्या कष्टानं. तिला पटेना. पिपाणी मागून घेतली, स्क्रू काढला, आतली स्प्रिंग हातावर घेतली. जाड, पिवळसर. तिच्या कपाटातल्या नव्या नळीतली काढून शेजारी ठेवली. ती पांढरी, बारीक. म्हणाली, "ही आमची नाही. ही कुठून आली?"

मग मशीनला लावून बघितलं. माझं एक म्हणजे त्यांचं चारच्या वर. माझं चार म्हणजे नऊ. मग खूप रागावली. खोटं का सांगितलं, मधल्या तपासणीला का आला नाहीत, एवढ्या ताणानं काही झालं असतं तर? मी मान खाली घालून ऐकलं. तिचं सगळं बरोबर होतं. नवीन नळी दिली, पत्र दिलं. कायमस्वरूपीवालं पत्र पर्समध्येच फाडलं.

पिवळी स्प्रिंग मी ओळखली. बाबांच्या वजनकाट्यांच्या तशा डबाभर आहेत घरात. रस्ताभर वाक्यं जुळवत आले, आज बाबांची खैर नाही म्हणून. घरी पोचले तर ते खुर्चीतच झोपले होते. मी उठवलं नाही.

४ मार्च
सकाळी ते फिरायला गेले तेव्हा त्यांचा डबा उघडला. सगळ्यात वर कागदाची पुडी. आत पांढरी स्प्रिंग, मधोमध वाकलेली. कागदावर त्यांच्या बारीक अक्षरात — '१३ जानेवारी. पडून वाकली. तात्पुरती दुसरी बसवली. सूनबाईंना सांगायचं आहे.' खाली पेन्सिलीनं तारखा. १८ जानेवारी. २ फेब्रुवारी. २ मार्च. तिन्हींवर काट मारलेली.

शिट्टी मिळाली आज. अजून वाजवलेली नाही.