सुळ्यावरचा दाणा

ता. ६, शुक्रवार

दादा,

नमस्कार. आईची रक्तदाबाची गोळी बदलली आहे, आता ती सकाळी द्यायची. चिठ्ठी तिच्या पाकिटात ठेवली आहे.

फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून लिहिते. आधी घडलेलं, क्रमाने.

१. गेल्या मार्चच्या ३ तारखेला आमच्या लॅबमध्ये कुलूपवाल्याच्या दातांचं माप आलं. दाढेला कॅप करायची होती. त्या मापावरून मी प्लास्टरचे जबडे ओतले.
२. ९ तारखेला शिंपीणबाई तिच्या दुकानात मृत सापडली. तपास तुझ्याकडे आला.
३. ११ला शवविच्छेदन झालं. दंडावर चाव्याची खूण नोंदली गेली.
४. १४ला पोलिसांनी प्लास्टरचे जबडे ताब्यात घेतले.
५. तज्ज्ञाने खूण आणि जबडे तंतोतंत जुळतात असं सांगितलं.
६. कुलूपवाल्याला फाशीची शिक्षा झाली. अपील या महिन्याच्या २३ला आहे.

निकालपत्रात हे असंच आहे. त्यातलं चौथं कलम माझ्या साक्षीवर उभं आहे.

मागच्या आठवड्यात तुरुंगातल्या दंतवैद्यांनी ती राहिलेली कॅप मागवली. मीच घेऊन गेले. कुलूपवाला खुर्चीत आ करून बसला. मी फार वेळ बघत राहिले तेव्हा म्हणाला, "ताई, घोडा विकत घेताय का?" मग विचारलं, "कॅपची गॅरंटी किती?"

"दहा वर्षं," मी सवयीने म्हणाले.

तो हसला. "मग उरलेली तुम्ही वापरा."

मी त्याच्या वरच्या डाव्या सुळ्यावरून बोट फिरवलं. सुळा गुळगुळीत आहे.

तुला हे कळावं म्हणून सांगते. माप घेताना दाताशी हवेचा बुडबुडा अडकला, की ओतलेल्या प्लास्टरवर तिथे बारीक दाणा येतो. तो पात्याने उडवायचा असतो. काम दाढेचं होतं, म्हणून सुळ्यावरचा दाणा मी तसाच सोडला. आळस, दुसरं काही नाही. तो दाणा फक्त माझ्या प्लास्टरवर आहे. त्या माणसाच्या तोंडात तो कधीच नव्हता.

कोर्टातल्या फोटोत शिंपीणबाईच्या दंडावर त्याची खळी आहे.

कोर्टात कुणी त्याच्या तोंडात पाहिलंच नाही. सगळ्यांनी माझे जबडे पाहिले.

एका मापातून मी नेहमी दोन जोड्या ओतते. दुसरी जोडी आमच्या फळीवर होती. त्या फळीवर चाळीसेक जबडे असतात, आणि दिवा लावला की सगळे एकदम बोलायचे थांबल्यासारखे दिसतात. मंगळवारी मी ती जोडी माझ्या दंडावर दाबली. खळी त्याच जागी उठली. माझी खूण लाल झाली, सुजली. फोटोतली फिकट आहे, मेणावर उठावी तशी. रक्त थांबलेल्या कातडीवर तशी उठते.

हातात धरून ते दोन जबडे मिटायला फार जोर लागतो. अंगठ्यांच्या मुळाशी कळ येते, दोन दिवस राहते. गेल्या मार्चमध्ये तुझ्याकडे जेवायला बसलो होतो, तेव्हा लोणच्याच्या बरणीचं झाकण तू आईपुढे सरकवलंस. आई म्हणाली, "एवढा फौजदार आणि बरणी उघडेना." तू म्हणालास, अंगठे मुरगळलेत. दोन्ही.

आता चौथं कलम. तू जबडे १४ला नेले नाहीस. १०ला आलास, चहाच्या वेळी. "एक दिवस दे गं, बघून परत देतो. तोच आहे, मला कळतं. फक्त कागदावर येत नाहीये." मी दिले. १२ला आणून ठेवलेस, १४ला पंचांसमोर पुन्हा नेलेस. १२ला परत आले तेव्हा ते जबडे ओलसर होते. कोरडं प्लास्टर कुणी धूत नाही. मी विचारलं नाही. फडक्याने पुसून ठेवले.

साक्षीच्या दिवशी तू व्हरांड्यात म्हणालास, "तारीखच तर आहे." मी आत जाऊन १४ सांगितलं. १०बद्दल बोलले नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. हात ओले झाले होते, तेव्हाच माहीत होतं.

कायदा वाचला. कुणाला फाशी व्हावी म्हणून पुरावा बनवला, तर जन्मठेपेपर्यंत. त्या पुराव्यावर निर्दोष माणूस खरोखर फासावर गेला, तर बनवणाऱ्यालाही फाशी होऊ शकते. माझी साक्षही त्याच कलमात बसते. म्हणजे कुलूपवाला जिवंत आहे तोवरच आपण दोघं जन्मठेपेच्या ओळीत आहोत.

आणि शिंपीणबाईला ज्याने मारलं, तो अजून कुठेतरी जेवतो, झोपतो. त्याला कुणी शोधतही नाही.

तू स्वतः कोर्टात जाऊन १० तारीख सांगावीस. मी बरोबर येईन, माझंही सांगेन. आईला आधी मी सांगते, ते तुझ्यावर टाकत नाही.

१८ तारखेपर्यंत उत्तर दे. लेखी, हो किंवा नाही. १९ला सकाळी दुसरी जोडी कुलूपवाल्याच्या वकिलांकडे जाईल, तुझं उत्तर काहीही असलं तरी.

तुझी धाकटी,
साक्षीदार क्रमांक सात