वाळायला वेळ लागणारं तेल

५ मार्च, गुरुवार

पंचवीस दिवस झाले. अजून तिथेच!

सकाळी हे आंघोळीला आत आले, चहा घेतला, परत बाहेर. परक्याच्या घरी यावं तसे पाय पुसून येतात. आणि कप धुऊन ठेवतात — हे त्याहून वाईट. एकतीस वर्षांत कधी कप धुतला नव्हता.

नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझं मलाच काहीतरी भलतं वाटायचं. वखारीत तीस वर्षं लाकूड मोजून हे रिटायर झाले. मग म्हणाले, बागेत ठेवायच्या लाकडी खोल्या बांधतो, लोकांना हव्या असतात. नमुना म्हणून एक आपल्याच बागेत बांधली. चार महिने खपले. बँकेतले मॅनेजर बघायला आले, त्यांना तशीच हवी होती. मी चहा घेऊन गेले. मॅनेजर म्हणाले, "काय वहिनी, कशी झालीय?" आणि मी म्हटलं, "यात कुत्रंसुद्धा राहायचं नाही!"

गंमत केली होती. मॅनेजर हसले. हेसुद्धा हसले. मॅनेजर 'कळवतो' म्हणून गेले. त्याच संध्याकाळी ह्यांनी गादी गुंडाळली, घडीची खाट काखेत मारली आणि बागेत गेले. म्हणाले, "बघू, माणूस तरी राहतो का."

बस. एवढंच झालं.

७ मार्च, शनिवार

खोकतात. इथपर्यंत ऐकू येतं.

खोलीच्या मागच्या भिंतीला काळे ठिपके आलेत. बुरशी. बाकीचं लाकूड राखाडी पडलंय, जुन्या हाडासारखं. एक थेंब तेल लागलेलं नाही त्याला. ह्यांनी मुद्दामच लावलं नव्हतं — गिऱ्हाईक रंग पसंत करेल, मग लावू, म्हणाले होते. गिऱ्हाइकाने तर दुसरीकडून तयार खोली आणली! शेजारणीने ट्रकवरून उतरवताना पाहिली. "प्लास्टिकसारखी दिसते हो," म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून. नाही वाटलं.

वर विचारते कशी, "तुमच्या ह्यांचा वनवास संपला का?" म्हटलं, तुमचे रोज घरात असतात, त्याचं काय सुख लागलंय तुम्हाला?

घरात येत नाहीत तर नका येऊ. पण ती खोली तरी कोरडी हवी. तेल आणते.

९ मार्च, सोमवार

रंगवाल्याकडे गेले. बाहेरच्या लाकडाला काय लावतात, विचारलं. म्हणाला, "व्हार्निश नको. ते वरवर बसतं, मग पापुद्रे निघतात. तेल आत मुरतं." चार डबे मांडले पुढ्यात. अळशीचं कच्चं तेल — स्वस्त, पण दमट जागी बुरशी धरतं. बिनरंगी तेल — पाणी अडवेल, ऊन नाही अडवणार. "वर्षभरात पुन्हा राखाडी." आणि रंग घातलेलं, दोन तऱ्हेचं. ऊन तो रंगच अडवतो म्हणे. म्हटलं, मग हेच ठेवा की दुकानात, बाकीचे डबे काय शोभेला?

हसला. म्हणाला, "साहेबांनाच विचारा ना. त्यांच्याइतकं लाकूड या गावात कोणाला कळतंय?"

म्हटलं, ते कामात आहेत.

आधी भिंतीवर पाण्याचे थेंब टाकून बघा, म्हणाला. थेंब तसाच उभा राहिला तर लाकूड तेल घेणार नाही. शोषला तर तहानलेलं आहे.

१० मार्च, मंगळवार

हे आंघोळीला गेल्यावर तांब्या घेऊन गेले. थेंब टाकला. बघता बघता गेला आत. दुसरा टाकला, तोही गेला. केवढी तहान!

मागून आवाज, "काय करतेस?" डोकं पुसत उभे!

"मुंग्या होत्या," म्हटलं.

"मुंग्यांना पाणी पाजतेस?"

मला हसू आलं. त्यांनाही येत होतं, मी पाहिलं. पण मान वळवली आणि गेले आत. खोलीच्या आत. माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

१२ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. "तेल कसलं निवडत बसलीस! नवरा आण आधी घरात."

म्हटलं, कसा आणू? उचलून?

"चुकलं म्हण. तीन अक्षरं आहेत."

माझी शाळा चौथीपर्यंतची. तीन अक्षरं लिहिता येतात. ही घ्या — चुकलं. तोंडातून नाही निघत. आज जेवणाचं ताट द्यायला गेले तेव्हा ठरवूनच गेले होते. दारात उभी राहिले, तोंड उघडलं, आणि काय म्हणाले? "मीठ जास्त वाटलं तर गुपचूप खा."

कसली जीभ दिलीय मला!

१४ मार्च, शनिवार

तेल आणलं. रंगवाला म्हणत होता हे पाण्यात मिसळणारं घ्या, वास नाही, संध्याकाळपर्यंत वाळतं. दुसरं हातात घेतलं तर म्हणाला, "ते मुरतं छान, पण वास चार दिवस जात नाही. आत कोणाला झोपता यायचं नाही."

"मग हेच द्या!"

तो बघतच राहिला.

लावायचं पातळ, म्हणाला, आणि पाव तासाने उरलेलं पुसून काढायचं. दोनदा सांगितलं. मला बहिरी समजतो.

१५ मार्च, रविवार

ताट देताना सांगितलं — अहो, उद्या खोलीला तेल लावणार आहे. वास चार दिवस राहतो. तेवढे दिवस तुम्ही आत झोपा.

डबा हातात घेतला. फिरवून वाचला. मला वाटलं, आता म्हणतील हे कशाला आणलंस, ते का नाही आणलंस, माझ्याशी भांडतील. नाहीत.

"चांगलं आहे," म्हणाले. "बरं."

बरं म्हणाले! दुपारभर घरातली आमची झोपायची खोली आवरली. धुतलेली चादर घातली. त्यांच्या बाजूची उशी उन्हात टाकली. अशी लगबग करत होते की लाज वाटली मला.

१६ मार्च, सोमवार

हे पिशवी भरून आपल्या धाकट्या भावाकडे गेले. "चार दिवसांनी येतो, वाळलं की."

धुतलेली चादर तशीच आहे.

१७ मार्च, मंगळवार

काल हात उचलला नाही. आज लावलं. सगळ्या भिंती बाहेरून, एकटीने. ब्रश बुडवायचा आणि थापायचं! रागाने हात असा चालला की डबा अर्धा कधी संपला कळलं नाही. पुसायचं-बिसायचं काही नाही. आधी लावायचं आणि मग पुसायचं, हा कुठला शहाणपणा? पिऊ दे भरपूर.

रंग सुंदर आला. मधासारखा. संध्याकाळच्या उन्हात अशी दिसत होती खोली — दाखवायला कोणी नव्हतं.

१८ मार्च, बुधवार

ओलंच आहे.

२० मार्च, शुक्रवार

फोन आला त्यांचा. "वाळलं का?"

हात लावला तर बोट चिकटतंय. भिंतीला चिलटं चिकटलीत, वाळकी पानं, कुठल्या पाखराचं पीस. नाही, म्हटलं.

"मग राहतो अजून," म्हणाले. ठेवला.

जेवलात का, खोकला कसा आहे — काहीही विचारता आलं असतं की नाही!

२१ मार्च, शनिवार

पुन्हा फोन. वाळलं? नाही. ठेवला.

मग गेले तणतणत रंगवाल्याकडे. असलं कसलं तेल देता, पाचवा दिवस, बाही चिकटली माझी! त्याने शांतपणे विचारलं, "पुसलं होतंत?"

मी चिकटलेली बाही चोळत राहिले.

"लाकूड पोटापुरतंच पितं हो. वर राहिलेलं तसंच चिकट राहणार. महिना गेला तरी."

महिना! म्हणजे ते महिनाभर येणार नाहीत. आणि हे मीच करून ठेवलं. ह्यांना आत आणायला निघाले होते, गावाबाहेर काढून बसले. वाटेत डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर एकाने विचारलं, काय झालं काकी? म्हटलं, डोळ्यात तेल गेलं.

२२ मार्च, रविवार

टर्पेंटाइन आणि जुन्या चादरींच्या चिंध्या. सकाळी सातपासून घासतेय. जोर लावून घासलं की वरचा चिकटा निघतो, खाली छान मुरलेला रंग राहतो. चिंध्यांचा ढीग करू नका, आपोआप पेट घेतो, असं रंगवाल्याने बजावलं होतं. या वेळी ऐकलं. सगळ्या तारेवर एकेक पसरल्या.

थापताना काही दिसलं नव्हतं. आज घासताना हात प्रत्येक फळीवरून गेला. वरची फळी खालच्या फळीवर बोटभर चढवलीय, पाणी ओघळून बाहेर पडावं म्हणून. एकाही खिळ्याचं डोकं हाताला लागत नाही, सगळी आत ठोकून वरून भरलीत. कोपऱ्यात फळ्या अशा बसवल्यात की मध्ये नख जात नाही. खालच्या चार फळ्या त्या दुखऱ्या गुडघ्यावर बसूनच लावल्या असणार. चार महिने मी स्वयंपाकघरातून ठोकाठोक ऐकत होते आणि 'कान किटले' म्हणत होते. एकदाही जाऊन हात लावून बघितलं नाही. चहा घेऊन गेले तीसुद्धा परक्या माणसासाठी.

चांगली बांधलीय. फार चांगली बांधलीय. आणि मी काय बोलले!

कंबर धरली. आज फोन आला नाही.

२३ मार्च, सोमवार

आजही नाही. बाहेरून आता कोरडं आहे. वाळलं म्हणून कळवलं की येतील — आणि सरळ खोलीत जातील. नाही कळवलं तर तिकडेच राहतील. काय करू, कळेना.

ताई म्हणते, "तीन अक्षरं!" तिला काय जातंय सांगायला.

२४ मार्च, मंगळवार

उद्या आतून लावते. पातळ. पुसून.

२५ मार्च, बुधवार

आज पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं. पंचेचाळीस दिवसांत ताट घेऊन दारापर्यंतच गेले होते. दोन भिंतींना लावलं, पुसलं, मग तिसरीला लावायला खाट ओढली.

फळ्यांची टोकं जिथे एकमेकींना भिडतात तिथल्या सगळ्या फटी आतून बुजवल्यात. भुसा आणि सरस भरून, वरून घासून, गुळगुळीत. एकच ठेवलीय. उशीच्या उंचीवर. वाटलं, राहून गेली असेल. पण तिच्या कडा घासलेल्या आहेत, कानस लावून. खाट परत सरकवली. आडवी झाले. डोळा लावला.

आमची स्वयंपाकघराची खिडकी. टेबल. माझी खुर्ची. दुपारी मी जिथे बसून हे लिहिते ती जागा, अख्खी, डोक्यापासून हातापर्यंत.

किती वेळ पडून होते माहीत नाही. उठले आणि मीच फोन लावला.

"वाळलं का?" म्हणाले.

"नाही," म्हटलं. "आतून ओलं आहे. घरात या."