तुरीतली बाळंतीण

प्रिय लेकी संगिता,

तुझा सातव्या महिन्यातला फोटो आला आणि आजीनं मोबाइलवरूनच मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. फोन रोजच होतो, तरी आज मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. आजी शेजारी बसून सांगून राहिली आहे, "हे लिव्ह, ते लिव्ह."

आपल्या तांड्यात बाळंतिणीला तितराचा रस्सा चुकत नाही, हे तुला ठाऊकच आहे. काहून, ते आजीनं यंदा पहिल्यांदा सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात तुझे बापू तिच्या अंगावर पीत होते. रेशनच्या लाल मिलोची भाकरी आणि माळावरच्या तरोट्याची भाजी, एवढंच तिच्या पोटात. दूध आटलं. लेकरू रडायचंसुद्धा थांबलं. तेव्हा आजोबांनी माळावर फासे लावून तितर आणला. रस्सा पिऊन दूध उतरलं, बापू वाचले. मग तांड्यातल्या प्रत्येकीलाच तितर लागू लागला. पुढं घरात ज्वारी आली, कोंबड्या आल्या, तरी रस्सा काही सुटला नाही आणि माळ मुका होत गेला. तुझ्या वहिनीच्या, पुजाच्या बाळंतपणात तुझ्या दादानं, रणजीतनं माळ पालथा घातला, पण एक तितर मिळाला नाही. आजी किती रुसली होती! पण बाजरीची भाकरी, शेपू आणि अळिवाच्या खिरीवर पुजाला इतकं दूध आलं की तिच्या सोमेश्वरला उचलताना माझी कंबर धरते.

यंदा मात्र आपल्या तुरीत तितर ओरडू लागले. आजी हरखली, "संगिताचं नशीब!" म्हणाली. शिकारीला बंदी आहे, असं बापू सांगत राहिले. तिनं ऐकलं नाही, स्वतः बांधावर फासे लावले. सकाळी मी तिच्यासोबत गेले. फाशात मादी अडकली होती. कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं आम्हाला बघून गवतात पळायची आणि लगेच पुन्हा तिच्यापाशी यायची. आजी खाली बसली, बघतच राहिली. मग म्हणाली, "रूपा, ही बी बाळंतीणच हाय की गं." तिनंच फास सोडवला. मादी तुरीत पळाली, मागून पिल्लांची रांग. आजीनं सगळे फासे उपटून माझ्या पदरात टाकले. आता रोज तुरीकडे जाते आणि पिल्लं केवढी झाली ते जेवताना सांगते.

आता पत्राचं कारण. तुझ्या सासूबाई, मंजुळाबाई, परवा फोनवर मला म्हणाल्या, "तितराचा रस्सा होणार नसंल तर पोरीला बाळंतपणाला पाठवत न्हाई." त्यांनीही लहानपणी दुष्काळ पाहिलाय, त्यांची काळजी खोटी नाही. माझं काही चाललं नाही. तेव्हा आजी म्हणाली, फोनवर विहिणी भांडतात, कागद वाचताना गप बसावं लागतं. म्हणून हे सगळं मंजुळाबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. रविवारी आजी स्वतः पुसेगावहून एसटीनं तुला न्यायला येते आहे. आणि त्यांना सांग, रस्सा होणार म्हणजे होणारच. तांड्यातला सगळ्यात माजलेला कोंबडा आजीनं तुझ्या नावानं राखून ठेवलाय.

तुझी वाट बघणारी, तुझीच
याडी