लाल रिंगचा नर

बाबा, मागच्या रविवारी मी अंबत्तूरला रावकाकांकडे जाऊन आले. तुम्ही असता तर आधी कपाळाला आठ्या घातल्या असत्या आणि दहा मिनिटांनी हळूच विचारलं असतं, अजून फिंच ठेवतो का तो. ठेवतात, पण आता पक्ष्यांचे दोनच पिंजरे. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि तुमचं त्यांच्याशी बोलणं तर त्याच्याही आधी तुटलं होतं. ते माझ्यामुळे तुटलं, हे तुम्हाला कधीच माहीत नव्हतं. मी तरी सांगितलं नाही. आज वेलचेरीच्या या फ्लॅटमध्ये बसून ते लिहून काढते आहे, कारण घरात कुणी नाही आणि दुसरं काही सुचत नाही.

वेस्ट मांबलमचं आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, मागची बाल्कनी दोन हात रुंद असेल-नसेल, आणि तिच्यात अकरा पिंजरे. आई म्हणायची, या घरात कपडे वाळत घालायला जागा नाही, पण चिमण्यांना खोल्या आहेत. तुम्ही ऑफिसातून येऊन शर्टही न बदलता मडक्यांत डोकावायचात. झेब्रा फिंच मडक्यात घरटं करतात, काथ्या ओढून ओढून आत नेतात, आणि तो काथ्या आमच्या आमटीतही सापडायचा. समुद्रफेसाची पांढरी हाडं आणायला आपण दोघं पहाटे किनाऱ्यावर जायचो, पक्ष्यांना चोची घासायला. बाकीचे बाप मुलींना किनाऱ्यावर कणीस घेऊन देतात, तुम्ही मला वाळूत कुजकं काहीतरी शोधायला लावायचात. मला ते आवडायचं, हे तेव्हा सांगितलं नाही एवढंच.

तुम्हाला एकच पक्षी हवा होता. साध्या नराच्या छातीवर काळी पट्टी असते, बोटभरही नाही. तुम्हाला सगळी छाती काळी असलेला हवा होता. तो बाजारात मिळत नव्हता आणि मिळाला असता तरी तुम्ही घेतला नसता, तो आपल्या मडक्यातून निघायला हवा होता. रावकाकांनी तुम्हाला एक जोडी दिली. दिसायला दोन्ही पक्षी अगदी साधे, पण दोघांच्या अंगात ती काळी छाती दडलेली. अशांना तुम्ही लोक स्प्लिट म्हणायचात. असे दोन स्प्लिट जुळले, की सरासरी चार पिल्लांत एक काळ्या छातीचं. मादी ओळखू यायची, तिचं एक बोट वाकडं होतं. नराला काहीच खूण नव्हती, म्हणून तुम्ही त्याच्या डाव्या पायात लाल प्लॅस्टिकची रिंग घातलीत आणि मला बजावलंत, "या रिंगवर सगळं आहे. पक्षी हातात धरायचा नाही, ट्रे ओढायचा, पुसायचा, परत ढकलायचा." मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि तुम्ही मला ट्रे पुसायला शिकवत होतात.

जोडी लावण्याआधी नरांना महिनाभर विश्रांती द्यायची तुमची पद्धत. चार नर एका मोठ्या पिंजऱ्यात ठेवले होते, तिघे आपले आणि चौथा तो. एका दुपारी तुम्ही ऑफिसात असताना मी ट्रे ओढला आणि राळ्याच्या फोलपटांत लाल रिंग पडलेली. चारही नर दांडीवर ओळीने बसलेले, चौघांचे गाल सारखेच नारिंगी, चौघंही माझ्याकडे बघतायत. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चौघांनाही एकेक करून त्या मादीबरोबर लावून, वर्ष घालवून, तो शोधून काढला असतात. पण आदल्याच आठवड्यात माझ्या हातून एक मडकं फुटलं होतं आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. मला वाटलं, मी ओळखते त्याला, तो जरा जाडसर आहे. मी जाडसर नर पकडला आणि त्याच्या पायात रिंग चढवली.

मग दोन वर्षं. एकामागून एक पिल्लं, त्यातल्या प्रत्येक नराच्या छातीवर पट्टी उमटेपर्यंत तुम्ही वाट बघायचात, आणि प्रत्येक वेळी तीच बारीक पट्टी. आधी तुम्ही नशिबाला बोल लावलात, मग हवेला, मग दाण्याला. शेवटी रावकाकांना.

ते एका रविवारी नेहमीसारखे दोन गाड्या बदलून आले होते, हातात राळ्याची पिशवी. तंजावरकडचं त्यांचं जुनं मराठी तुम्हाला फार आवडायचं, त्यांच्यासारखं बोलून दाखवत तुम्ही आईला हसवायचात. त्या दिवशी त्यांना आतही घेतलं नाहीत.

"राव, तुम्ही मला साधा नर दिलात."

"माझ्या घरचा पक्षी तो. त्याचा बाप काळ्या छातीचा, मी पाळलों त्याला. मी खोटें कां सांगूं? रिंग कोण्ही काढले काय?"

"पिंजऱ्याला माझ्या मुलीशिवाय कुणी हात लावत नाही. तिलाच विचारा."

काका माझ्याकडे वळले. मी कॉफीचे पेले घेऊन उभी. "काढलीस काय गे, कण्णा?" लाडाने ते मला कण्णाच म्हणत.

"नाही काका," मी म्हणाले. मी काढली नव्हतीच, ती पडली होती. त्या वयात एवढ्या फरकावर माणूस निभावून नेतो. काकांनी पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि जिना उतरले. ते राळे तुम्ही पक्ष्यांना घातले नाहीत, शेजारच्या मामींच्या कबुतरांना दिले. पुढे वर्षभरात तुम्ही एकेक पिंजरा देऊन टाकलात.

काकांची तब्येत उतरल्याचं ऐकलं म्हणून मागच्या रविवारी गेले. गेले होते खरं सांगायला, गाडीत वाक्यं जुळवून ठेवली होती. ते व्हरांड्यात खुर्चीवर होते, मला ओळखलं, आणि मी बसायच्या आत विचारलं, "शेवटीं तुझे बाबा माझ्याविषयीं कांही बोलले काय?"

मी म्हणाले, "हो. म्हणाले, चूक माझीच होती, रावांची माफी मागायची राहिली."

ते आधी हसले. "तो? माफी?" मग डोळे पुसले, स्वयंपाकघरातल्या सुनेला हाक मारली आणि मला पुन्हा सांगायला लावलं. तिला मराठी येत नाही, म्हणून मी तमिळमध्ये सांगितलं. दुसऱ्या वेळी जास्त चांगलं जमलं. तुमचा आवाज भरून आला होता, हेही घातलं. मला लाज वाटली, आणि हलकंही वाटलं, आणि हलकं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि ज्यांना पोचू शकतं त्यांना मी देणार नाही. फक्त एवढं राहिलं. शेवटच्या आठवड्यात तुम्ही खरोखरच त्यांचं नाव घेतलं होतंत. छताकडे बघत म्हणालात, "राव लबाड निघाला." मी तुमच्या उशाशीच बसले होते. मी विचारलं, पाणी हवं का.