अठरा पानांची वही

५ फेब्रुवारी १९८८, शुक्रवार

वाचून झालं. आणि लगेच पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं!

चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीसाठी आलेली खोकी निवडत होते. कान तुटलेले कप, एका पायाचा मोजा, आणि तळाशी एक कॉमिक. ‘भट्टीवाला’, अंक पहिला. वर मुखवटा घातलेला दांडगा गडी. म्हटलं, झालं, उडणाऱ्या बाप्यांचा पोरखेळ! उघडलं, तर पहिल्याच पानावर हा साठीकडे झुकलेला माणूस बेसिनपाशी उभा राहून कवळी काढतो, पेल्यात ठेवतो, मग मुखवटा चढवतो. पानावर एक अक्षर नाही. नुसत्या नऊ चौकटी. आठव्या चौकटीत त्याचा गुडघा वाकत नाही, म्हणून तो टबाच्या काठावर पाय टेकून बुटाची नाडी बांधतो.

माझाही गुडघा तस्साच! एकोणसत्तर वर्षांत माझा गुडघा कुणी चित्रात काढला नव्हता.

१२ फेब्रुवारी

आमच्या एरीत, पीच स्ट्रीटवर या अंकांचं दुकान आहे. आत शिरले तर सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मालक ड्वेन, चाळिशीचा, पाठीवर केसांची शेपटी सोडलेला.

“नातवासाठी का, मॅडम?”

“नातू कुठला, लग्नच नाही केलं. भट्टीवाल्याचा दुसरा अंक दे.”

“तो मोठ्यांसाठी आहे हं.”

“मग मी काय रांगते का?”

हसला. आता दुकानात माझ्या नावाचं पाकीट आहे. नवे अंक शुक्रवारी येतात, माझा तो बाजूला काढून ठेवणार. पाकिटावर लिहिलंय — मिस बर्नी. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळलं, तिथे माझ्या नावाचा साधा खिळा नव्हता.

४ मार्च

ईस्टरआधीचे उपास. शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये दुपारभर मासे तळले आणि तशीच दुकानात गेले. ड्वेन म्हणाला, “आज तुमच्या आधी तुमचा वास आला.”

शेजारची हेडी टपूनच होती. “बर्नाडीन, उपासाच्या दिवसांत खूनबाजी वाचतेस? फादरांना सांगू?”

“सांग ना. जाताना त्यांना पहिला अंक घेऊन जा.”

तिसरा अंक काय सुरेख! पाऊस काढलाय तो नुसत्या पांढऱ्या ओरखड्यांनी, तरी वाचताना पाठ ओली झाल्यासारखी वाटते. भट्टीवाला चांगला की वाईट, तेच कळू देत नाहीत. जखमी चोराला तो खांद्यावर टाकून दवाखान्यात नेतो, आणि दारात उतरवताना त्याची बोटं मोडतो. मला संताप आला, आणि मग चोराच्या खिशातून पडलेली ती लहान मुलीची चप्पल दिसली. म्हटलं, मोड, अजून एक मोड!

एक मात्र खटकलं. या गोष्टींत बाया मरतात त्या निव्वळ बाप्याला राग यावा म्हणून! ड्वेनला सुनावलं. तो म्हणाला, “बरोबर आहे. मासिकाला लिहा तसं, ते वाचकांची पत्रं छापतात.” मग मी एका बाईच्या चित्रावर बोट ठेवलं — ही बघ, हिच्या चेहऱ्यावरच पाप दिसतंय. तर म्हणतो, “एका चौकटीवरून माणूस ठरवू नका, मिस बर्नी. पान उलटा.”

उलटलं. ती भट्टीवाल्याची बहीण निघाली. मीच तोंडावर आपटले.

२२ एप्रिल

चौथा अंक. भट्टीवाला गुंडांचा अड्डा समजून एक घर पेटवतो. खिडकीत त्याला एकच सावली दिसते — हात उगारलेली. हाच तो, म्हणून काडी लावतो. आत एक बाई कपडे वाळत घालत होती.

पुढे वाचवलं नाही. लिहवतही नाही.

२३ एप्रिल

लिहितेच. कागदाशिवाय आहे कोण माझं?

आई गेली तेव्हा माझा भाऊ टॅड तीन वर्षांचा आणि मी अठरा. मीच वाढवला त्याला. बाबा ओतकामाच्या कारखान्यातून यायचे ते पिऊनच. स्वयंपाकघराच्या दारामागे त्यांचा पट्टा टांगलेला असायचा. मी मध्ये उभी राहायचे. कधी जमायचं, कधी नाही.

टॅडला कॉमिकचं वेड. वर्तमानपत्रं टाकून मिळालेले सगळे पैसे त्यात. पलंगाखाली थप्प्या. मग एकोणपन्नास साली गावभर उठलं की या अंकांनी पोरं बिघडतात. आमच्या पॅरिशने, म्हणजे चर्चच्या मंडळींनी ठरवलं, शाळेमागे त्यांची होळी करायची. पोरं आपापले गठ्ठे घेऊन आली. टॅड नाही म्हणाला. तो पेपर टाकायला गेला तेव्हा मी पिठाच्या दोन पोत्यांत त्याचे सगळे अंक भरले आणि स्वतः नेऊन दिले. फादरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मला बरं वाटलं!

पोत्यात त्याची स्वतःची वहीसुद्धा होती. अठरा पानं, त्यानेच काढलेली गोष्ट. पाठ शिवायला माझाच दोरा घेतला होता.

तो आला तेव्हा राखच होती. ओरडला नाही, रडला नाही. एवढंच विचारलं, “वही पण?” मी म्हटलं, “वही आत होती हे मला ठाऊक नव्हतं रे.”

त्यानंतर तो कामापुरतं बोलायचा. बाबा वारले आणि पुढच्याच वर्षी, बावन्न साली, तो सरोवरातल्या मालाच्या जहाजावर कामाला चढला. डुलुथ बंदरातून एक कार्ड आलं — ‘ठीक आहे.’ त्याला छत्तीस वर्षं झाली. आहे की नाही, तेही मला माहीत नाही.

२४ एप्रिल

काल कागदाशीही खोटं बोलले.

मला ठाऊक होतं. पोतं भरताना मी वही उघडली होती. मधलंच एक पान. त्यावर एक बाई — माझा अंबाडा, माझा एप्रन, डोळ्यांवर काळा मुखवटा. हातातलं ओगराळं उगारलेलं, आणि पायाशी अंग चोरून बसलेलं पोर. याच्यासाठी मी लग्न केलं नाही, पट्टे खाल्ले, आणि हा मला राक्षसीण काढतो!

पोत्यात टाकली. माझ्या या हातांनी.

२ मे

मासिकाला पत्र लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा टपालात टाकलं. आधी मनापासून स्तुती, मग बायांबद्दल दोन खडे बोल, आणि शेवटी — टॅड ओलशेव्हस्की, हे वाचत असशील तर ऐक. वही आत आहे हे मला ठाऊक होतं. त्यात तू मला राक्षसीण काढली होतीस, ते पाहिलं आणि मला राग आला. मी पंधरा वर्षांच्या पोरावर राग काढला आणि वर खोटं बोलले.

ड्वेन म्हणाला, “छापलं तर खाली तुमचं नाव आणि घराचा पूर्ण पत्ता देतात, बरं का. वाचक एकमेकांना लिहितात मग.”

“पूर्ण पत्ता?”

“घर नंबरासकट. चालेल ना?”

त्यासाठीच तर लिहिलं!

तो अजून हे अंक वाचत असेल? चोपन्न वर्षांचा माणूस? पण मी नाही का वाचत.

१७ जून

सहावा अंक. पत्र नाही. अंक मात्र अप्रतिम.

९ सप्टेंबर

छापलं! आठवा अंक, शेवटून दुसरं पान. एक शब्द गाळला नाही. खाली — बर्नाडीन ओलशेव्हस्की, घर नंबर, रस्ता, एरी, पेनसिल्व्हेनिया. ड्वेनने दुकानात मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबला. नाक पुसून म्हणाला, “धूळ आहे इथे फार.”

हेडीला दाखवलं. आता काहीतरी टोमणा येणार म्हणून मी तयारच. तिने चष्मा काढून पुसला. “त्या होळीत माझ्या भावाचेही होते,” म्हणाली. “मीच दिले होते.” मग उठून पिएरोगीची, आमच्या उकडलेल्या पोलिश करंज्यांची, बशी घेऊन आली. दोघींनी बशी संपवली.

१४ ऑक्टोबर

आजवर अकरा पत्रं! सगळी परक्यांची. टल्साचा एक जण खवळलाय — ‘तुमच्यासारख्यांमुळेच जुने अंक आज इतके महाग!’ ओमाहाचा एक गृहस्थ लिहितो, ‘माझ्या आईनेही जाळले होते. ती कधी त्याबद्दल बोलली नाही आणि आता राहिली नाही. तुमचं पत्र तिनेच लिहिलं असं समजतो.’ ते उशाखाली ठेवलंय.

टॅडचं नाही.

२ डिसेंबर

शेवटचा अंक, दहावा. भट्टीवाला मुखवटा उतरवून त्या जळालेल्या बाईच्या आईच्या दारात जातो. आपलं नाव सांगतो, केलं ते सांगतो. म्हातारी दार लावून घेते. तो पायरीवर बसतो. दुसऱ्या दिवशीही येऊन बसतो. पुढची सहा पानं तेच दार, तीच पायरी — फक्त ऊन सरकतं, बर्फ पडतं, वितळतं. शेवटच्या चौकटीतही दार बंदच! आणि गोष्ट संपली! काय छाती असेल हे लिहिणाऱ्याची, आणि एकच दार पन्नासदा काढणाऱ्याची. असं धीराचं काही मी उभ्या जन्मात वाचलं नव्हतं.

ड्वेनने विचारलं, “दार उघडलं असतं तर आवडलं असतं तुम्हाला?”

“नाही. चिडले असते.” मग अंक पिशवीत टाकत म्हटलं, “पण उघडायला हवं होतं रे.”

पाकिटावरचं माझं नाव काढू का, असं तो विचारत होता. म्हटलं, राहू दे. दुसरं काहीतरी सुचव.

९ डिसेंबर

टपाल — विजेचं बिल.

१२ डिसेंबर, सोमवार

जाडं पाकीट. पाठवणाऱ्याचं नाव नाही, शिक्का डुलुथचा. आत दोन पानं, काळ्या शाईत. पहिलं मी ओळखलं — अंबाडा, एप्रन, मुखवटा, उगारलेलं ओगराळं, पायाशी पोर. दुसऱ्यावर तेच चित्र, पण लांबून पाहिलेलं. पोर तिच्या आडोशाला बसलंय. आणि समोरून, छताएवढा फणा काढून, पट्ट्याचा साप येतोय, डोक्याच्या जागी पितळी बक्कल. तिने तो ओगराळ्यावर अडवून धरलाय. वर मोठ्या अक्षरांत गोष्टीचं नाव — ‘बर्नी’.

मागे पेन्सिलीने: ‘तू सातवं पान पाहिलंस. हे आठवं. बाकीची सोळा काढतोय. हात पूर्वीसारखा राहिला नाही, वेळ लागेल. थांब.’